शाळेत छळ सोसणारे मूल आणि त्याचे पाठीराखे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी श्री संत सेना महाराजांचे चरित्र, वीर जिवा महाला व वीर शिवा काशीद यांच्या पराक्रमाचे लेख आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली असे साहित्य येत असते, व ते यावेही. यंदा चिटणीसांनी आम्हांस इतिहासविषयक लेख लिहिण्याची सूचना केली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक आम्ही त्यांजकडून मागून घेतली. गुणवंतांच्या नामावलीत ज्यांची नावे सहसा येत नाहीत अशा मुलांविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. शाळेत ज्यांना रोज कोणी ना कोणी चिडवतो, ढकलतो, खेळातून वगळतो आणि जी मुले संध्याकाळी घरी येऊन दप्तर कोपऱ्यात टाकून गप्प बसतात, ती ही मुले होत. त्यांचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे.

प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे अध्यापन केल्यामुळे हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला. चौथीच्या इतिहासात प्रतापगडचा पाठ आला म्हणजे आपल्या समाजाचे मूल वर्गात असेल तर ताठ बसते. १६५९ साली सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडविला आणि महाराजांचे प्राण वाचले, हे गुरुजींच्या तोंडून ऐकताना त्याचा चेहरा उजळतो. परंतु हा मान मधल्या सुट्टीपर्यंतच टिकतो. सुट्टीत पुन्हा 'वस्तरा' हे टोपणनाव, पुन्हा हनुवटी पुढे करून 'आमची दाढी करतोस का रे?' ही विचारणा, पुन्हा टाळक्यावरून फिरणारे हात. पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण नऊ वर्षांच्या मुलास मधल्या सुट्टीत तो पुरा पडत नाही, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या वेळी त्याला जिवंत माणसाची पाठराखण लागते. अशी पाठराखण पूर्वी कोणी केली व कशी केली, हे शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ १८५६ सालापासून करू. त्या वर्षी जून महिन्यात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला व तो नाकारण्यात आला. मुलाचा अर्ज थेट मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारने जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता की, न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हे खरे. परंतु एका मुलासाठी इतरांवर सक्ती केली तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. हिंदुस्थान सरकारास हे उत्तर रुचले नाही, लिहालिही झाली, आणि १८५८ साली सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेस खुल्या राहतील असे जाहीर झाले. जाहीर झाले तरी वर्गातील जागा मोकळी होण्यास पुढे अनेक दशके लागली, ती गोष्ट वेगळी.

वाचकांनी त्या उत्तरातील युक्तिवाद मात्र ध्यानात ठेवावा. तुमचे म्हणणे खरे, पण एकासाठी सगळ्यांना कशाला दुखवायचे? आजही एखादा पालक तक्रार घेऊन शाळेत गेला म्हणजे त्यास बहुधा हेच ऐकावे लागते. 'मुले आहेत, चिडवायचीच', 'तुमचाच मुलगा जरा हळवा आहे', 'वर्गाचे वातावरण बिघडेल'. शब्द बदलले आहेत, पण पावणेदोनशे वर्षांत युक्तिवाद फारसा पुढे सरकलेला नाही.

धारवाडचा अर्ज फेटाळला गेला त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात एक निराळी गोष्ट घडली होती. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ पासून पुण्यात ज्या शाळा काढल्या, त्यांतील मांग समाजाच्या मुक्ता नावाच्या, सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. सावित्रीबाईंना शाळेत जाताना चिखल-शेणाचा मारा सोसावा लागे, हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्यांच्यावर स्वतःवर शेण पडत होते त्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थिनीस 'सोस आणि गप्प राहा' असे शिकविले नाही, इकडे आपले लक्ष कमी जाते. तिला लिहू दिले. जे लिहिले ते चार लोकांपुढे जाऊ दिले. मुलाने आपले दुःख स्वतःच्या शब्दांत सांगावे व मोठ्यांनी ते मध्ये न तोडता ऐकून घ्यावे, ही पाठराखणीची पहिली पायरी होय. आमच्या अनुभवास आलेल्या दहा घरांपैकी आठ घरांत ती वगळली जाते. मूल दोन वाक्ये बोलते न बोलते तोच बाप विचारतो, 'मग तू काय केलेस?'

आता साताऱ्याकडे वळू. या लेखाचा गाभा तोच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतील दिवसांचे वर्णन त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात केले आहे. वर्गात त्यांना इतरांपासून दूर, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. वर्ग झाडणारा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून तो तुकडा रोज संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी परत आणावयाचा. तहान लागली तर नळ स्वतः सोडता येत नसे. शिपायाने सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. नऊ-दहा वर्षांचा मुलगा बगलेत गोणपाट धरून साताऱ्याच्या रस्त्याने जात आहे, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

त्याच लेखनात आणखी एक तपशील आहे. तो वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. कपडे बहिणी धूत, कारण पैसे देऊनही परीट ते धुण्यास तयार नसत, असे सांगून बाबासाहेब पुढे म्हणतात की घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापीत असे. कापून कापून तिचा हात त्यात चांगला बसला होता. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. ते अस्पृश्याचे केस कापीत नसत, इतकेच.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, त्या बहिणीच्या हाती कात्री का आली याचे उत्तर आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. स्मरणिकेत हे छापावे काय, असा प्रश्न मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस केला. आमचे मत असे की, छापावे. प्रतापगडावर धावून गेलेला हात आपला म्हणावयाचा आणि साताऱ्यात मागे घेतलेला हात कोणा परक्याचा म्हणावयाचा, असा इतिहास लिहिता येत नाही.

असे का झाले याची कारणेही पाहिली पाहिजेत. नाभिक हा गावचा बलुतेदार. सुगीला खळ्यावर जे धान्य मिळेल त्यावर त्याचे वर्ष निघे. ज्यांच्या खळ्यावर जावयाचे त्यांचा विटाळाचा नियम मोडला, तर त्यांचे दार बंद होणार, ही भीती खरी होती व पोटाची होती. त्या नाभिकास आपण दुष्ट म्हणणार नाही. परंतु त्याच्या भीतीची किंमत एका शाळकरी मुलाने मोजली, हेही नाकारता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला.

याच हाताने एक चांगला नकारही दिला आहे, तो येथे नमूद करणे उचित होईल. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. त्या विधवांत शाळेच्या वयाच्या मुलीही असत, हे विसरू नये. त्या कामाची मजुरी बुडणार होती. ती बुडू दिली. तात्पर्य, पोटाची भीती असली तरी माणसे एकत्र आल्यावर वस्तरा खाली ठेवू शकतात. साताऱ्याच्या न्हाव्याच्या मागे असे कोणी उभे नव्हते.

साताऱ्यातल्या त्या मुलाच्या मागे कोण उभे होते? वडील सुभेदार रामजी त्या वेळी गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते आणि मुले साताऱ्यास आत्याजवळ राहत. शाळेचे नियम बदलणे रामजींच्या हातात नव्हते. जे हातात होते ते मात्र त्यांनी पुरेपूर केले. पुढे मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड असताना रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलास अभ्यासास उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः निजत. मुलास पुस्तक हवे झाले आणि जवळ पैसा नसला की लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. चरित्रकार धनंजय कीर यांनी हे सर्व नोंदविले आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलातही फळ्यावर गणित सोडविण्यास भीमराव उठले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलण्यासाठी मुलांची एकच धावपळ उडाली. संस्कृत शिकू दिले गेले नाही, फारशी घ्यावी लागली. असा दिवस काढून मूल घरी आले म्हणजे तेथे त्याच्या अभ्यासासाठी म्हातारा बाप जागा आहे आणि बहिणीच्या हातातली बांगडी सावकाराकडे गेली आहे, हे त्यास दिसत होते. आपली किंमत शाळा ठरवीत नाही, हे त्यास व्याख्यान देऊन सांगण्याची गरज उरली नाही.

साताऱ्यातील एक शिक्षक आपल्या डब्यातील भाजी-भाकरी या मुलास देत, हेही चरित्रांत आहे. आणि मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर भेटले. हे दुसऱ्या शाळेतले शिक्षक, ग्रंथकार. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज एकटाच वाचीत बसलेला दिसतो, म्हणून त्यांनी आपण होऊन चौकशी केली व पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत आपले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याची शिफारस केली. शिक्षकबांधवांनी केळुसकरांचे हे वर्तन मुद्दाम लक्षात घ्यावे. मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या जातीचा नव्हता, आणि त्याने काही मागितलेही नव्हते. बागेत एकटे बसणारे मूल पाहून पुढे निघून जाणे त्यांना सहज शक्य होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी अशीच गोष्ट सांगितली जाते. इस्लामपूरच्या शाळेत एक मुलगा वर्गाबाहेर बसलेला त्यांस दिसला. चौकशी करता तो अस्पृश्य असल्याने बाहेर, असे कळले. भाऊरावांनी त्यास कोल्हापुरास नेले व मिस क्लार्क वसतिगृहात ठेवविले. तो मुलगा, ज्ञानदेव घोलप, पुढे मुंबई कायदे कौन्सिलाचा सभासद झाला. हे वसतिगृह १९०८ चे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात अशी वसतिगृहे उभी करविली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याची आज्ञा दिली. खेड्यातून आलेल्या एकट्या मुलास संध्याकाळी परतण्यासाठी आपल्या माणसांचे एक छप्पर मिळाले, हा त्या वसतिगृहांचा मोठा उपकार होय. मात्र आपल्यातच सुरक्षित वाटण्याची सवय जडली की बाहेर पडताना पाय अडखळतो, अशी त्याची दुसरी बाजूही आहे. भाऊरावांनी साताऱ्यास १९२४ साली वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांचे. एकत्र स्वयंपाक, एकाच पंगतीत जेवण. आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. ज्या गावात चोवीस वर्षांपूर्वी एक मुलगा गोणपाट बगलेत घेऊन हिंडत होता, त्याच गावातली ही गोष्ट आहे.

आता आजच्या काळाकडे. छळाची साधने वाढली आहेत. मधल्या सुट्टीत झालेली टिंगल पूर्वी शाळा सुटली की सुटे. आता ती मोबाईलवरून रात्रीपर्यंत चालते, आणि चित्र काढून पाठविणारा कोण हे पुष्कळदा कळतही नाही. परंतु आपल्या घरांतील अडचण आम्हांस जुनीच दिसते. आपल्यापैकी अनेकांचे सलून आहे. चिडविणाऱ्या मुलाचा बाप त्याच सलूनमध्ये दर आठवड्यास येतो. तक्रार करावी तर गिऱ्हाईक तुटेल, त्याच्याबरोबर त्याची आळी तुटेल, म्हणून आपण मुलास म्हणतो, 'जाऊ दे, लक्ष देऊ नकोस.' खळ्यावरच्या धान्याची ती भीती शंभर वर्षांनंतर खुर्चीवरच्या गिऱ्हाइकापाशी येऊन थांबली आहे.

एका तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा शाळेत जाण्याचे टाळू लागला, पोट दुखते म्हणू लागला. मूळ कारण कळल्यावर त्यांनी दुकानात वाद घातला नाही. त्या गिऱ्हाइकाची दाढी नेहमीप्रमाणे नीट केली, तोंड पुसले, पैसे घेतले, आणि मग, 'साहेब, दोन मिनिटे बसा,' असे म्हणून मुलास काय काय म्हटले जाते ते त्याच शब्दांत सांगितले. गिऱ्हाईक काही न बोलता उठून गेले. तीन आठवडे फिरकले नाही. चौथ्या आठवड्यात आले ते मुलाला बरोबर घेऊन, त्याचे केस कापविण्यासाठी. दोन्ही मुले त्या दिवशी एकमेकांशी बोलली नाहीत. पण टोपणनाव बंद झाले. सर्वच ठिकाणी असे घडेल असा आमचा दावा नाही. दुसऱ्या एका गावी गिऱ्हाईक कायमचे तुटले, हेही आम्हांस ठाऊक आहे.

तोंडी सांगून भागले नाही तर लेखी अर्ज करावा. धारवाडच्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला, तरी तो लेखी होता म्हणूनच वरपर्यंत गेला. आमच्या अध्यापनकाळात आम्ही एक गोष्ट निश्चित पाहिली. दारात उभे राहून केलेली तक्रार त्याच दिवशी विरते; परंतु तारीख, घटना, स्थळ लिहून दिलेला आणि शाळेच्या आवक नोंदवहीत क्रमांक पडलेला अर्ज कोणा मुख्याध्यापकास विसरता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास शाळेत मनाई केली आहे, आणि त्याच कायद्यान्वये नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीपुढे विषय मांडता येतो. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी आहेतच. मूल अतिशय खचले असेल तर १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही मुलांसाठीची मदतसेवा आहे.

शिक्षकांनी काय करावे यावर नॉर्वे देशातले एक उदाहरण उपयोगी आहे. तेथे १९८२ च्या अखेरीस छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला, तेव्हा सरकारने १९८३ साली देशभर मोहीम काढली आणि डान ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने शाळांसाठी कार्यपद्धती आखली. तिचा भर चिडविणारा व सोसणारा या दोघांइतकाच सभोवती उभे राहून हसणाऱ्यांवर होता. बर्गेनच्या शाळांत त्यामुळे असे प्रकार निम्म्यावर आले. आमच्याही पाहण्यात हेच आहे. चिडविणाऱ्यास छडी दिली तर तो शाळेबाहेर सूड घेतो. परंतु हसणाऱ्या आठांपैकी दोघे जरी हसायचे थांबले, तरी चिडविण्यातली मजा जाते. त्या दोघांना हेरून विश्वासात घेणे, हे वर्गशिक्षकाचे खरे काम.

हसणाऱ्यांत आपली मुलेही असतात. वस्तऱ्यावरून चिडविले गेलेले आपले मूल पुढल्या बाकावरच्या दुसऱ्या कोणास त्याच्या जातीवरून, काळ्या रंगावरून, बोबड्या बोलण्यावरून तेच ऐकवीत असताना आम्ही पाहिले आहे. असे शब्द मूल बहुधा घरातून, दुकानातल्या गप्पांतून उचलते. सलूनमध्ये दिवसभर नाना लोकांच्या गप्पा चालतात आणि शाळा सुटल्यावर मूल तेथेच बाकावर बसून गृहपाठ करीत असते. त्याच्या कानावर काय पडते इकडे दुकानाच्या मालकाने पाहावे, ही आमची विनंती आहे.

मंडळास एक सूचना करून हा लेख पुरा करतो. गुणवंतांचा सत्कार होतो त्याच सभेत दोन निवृत्त शिक्षक व दोन माता यांची नेमणूक करावी. ज्या पालकास एकट्याने शाळेत जाण्याचा संकोच वाटतो, त्याच्याबरोबर यांपैकी एकाने जावे, अर्ज लिहून द्यावा आणि आवक क्रमांक घेऊनच परतावे. मुलगा आपल्या ज्ञातीचा नसला व त्याच्या पालकाने मंडळाकडे मदत मागितली, तरी जावे. आमचे नाव या कामासाठी आम्ही चिटणीसांकडे दिले आहे. आणखी तीन नावे हवी आहेत.